श्वासाची मोजदाद : सोलापूरच्या गिरण्या आणि एक उशिरा आलेली परीक्षा

कापडगिरणीइतकी मोजदादीच्या पायावर उभी राहिलेली संस्था आपल्याकडे क्वचितच दुसरी झाली असेल. गाठी फाटकातून आत येताना त्यांचे वजन होई. रुई साफ होताना किती घट आली, ते टक्क्यांत मांडले जाई. सुताचा नंबर, चात्यांची संख्या, मागामागावरून निघालेले वार आणि पौंड, भोंगा होऊन गेल्यावर कोण किती मिनिटे उशिराने फाटकावर आला आणि त्याबद्दल त्याच्या पगारातून किती कापले, या साऱ्याची नोंद हजेरीपटांत आणि खतावण्यांत होत असे. इतकेच काय, सूत तुटू नये म्हणून मागखात्यात जी कृत्रिम वाफ सोडली जाई तिने हवेतला ओलावा किती वाढला, हेही ओल्या आणि कोरड्या पाऱ्यांची जोडी पाहून टिपले जाई, आणि हिंदुस्थानातील गिरण्यांच्या या एकाच प्रश्नावर टी. मेलोनी यांचा अहवाल १९२३ साली सरकारी खर्चाने छापला गेला. त्या हवेत दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीत हवा किती मावते आणि ती किती वेगाने बाहेर पडते, एवढ्या एका गोष्टीसाठी मात्र त्या वह्यांत रकाना नव्हता. तो का नव्हता, याचे उत्तर शोधताना साधनाच्या अभावाची सबब पुढे करता येत नाही; कारण साधन गिरणीच्या आधीचे आहे.

सोलापुरास रेल्वे १८६० साली आली. भोवतालच्या काळ्या जमिनीतला आणि बार्शीच्या बाजारातला कापूस मुंबईकडे वाहून नेणे तिने सोपे केले, आणि काही वर्षांतच तो येथेच कातावा, येथेच विणावा, हा विचार भांडवलदारांच्या मनात आला. मोरारजी गोकुळदास यांच्या नावाशी निगडित असलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ साली स्थापन झाली आणि १८७७ मध्ये तिची चाके फिरू लागली. हीच पुढे गावाच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ झाली. दख्खनच्या त्या वेळच्या भीषण दुष्काळात रोजंदारीसाठी दारोदार हिंडणाऱ्या माणसांचा तोटा नव्हता. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या; तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात वसली; गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींना सरकारने तारांच्या कुंपणाआड ज्या सेटलमेंटमध्ये ठेवले होते, तेथूनही माणसे पाळीवर जाऊ लागली.

आता योगायोग पाहा. ज्या १८७७ साली जुन्या गिरणीचा भोंगा सोलापुरात प्रथम वाजला, त्याच साली पॅरिसमध्ये आद्रियाँ प्रूस्त या आरोग्यशास्त्रज्ञाच्या ग्रंथात कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला ‘बिसिनोसिस’ हे नाव मिळाले. (फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हे त्यांचेच चिरंजीव, आणि ते जन्मभर दम्याने पीडित होते.) नाव नवे असले तरी विकार नवा नव्हता. अंबाडी आणि जवस पिंजणाऱ्यांचा खोकला इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदला होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांतील कातणाऱ्यांच्या छातीचे वर्णन जेम्स के याने १८३१ मध्ये छापून ठेवले होते. म्हणजे सोलापूरच्या यंत्रसामग्रीबरोबर तिच्यापासून होणाऱ्या व्याधीचे ज्ञानही इंग्लंडात उपलब्ध होते. आगबोटीतून आली ती फक्त यंत्रसामग्री.

ही व्याधी कशी जडते, हे समजण्यासाठी गिरणीत रुईच्या मागोमाग चालत गेले पाहिजे. गाठ फोडली जाते ती ब्लो रूममध्ये. तेथे दाबून बसवलेला कापूस झोडपून मोकळा करतात, आणि त्याच्यात अडकलेला बोंडाभोवतालच्या सुक्या पर्णांचा चुरा, माती, सरकीचे कण हे सारे हवेत उधळते. पुढचे कार्डिंग खाते. तेथे दातेरी तारांनी मढवलेल्या रुळांवरून रुई विंचरली जाते, आणि ते दाते साफ करण्याची पाळी ज्याच्यावर येई त्याच्या नाकातोंडात जाणारी धूळ सर्वांत बारीक आणि सर्वांत वाईट. मागखात्यात पोचेपर्यंत कापूस बराच स्वच्छ झालेला असतो. म्हणूनच एकाच छपराखाली काम करणाऱ्या दोन भावांपैकी कार्डिंगमधला धापा टाकतो आणि मागावरचा ठणठणीत राहतो, असे घडू शकते. दोष कापसाच्या शुभ्र तंतूचा फारसा नाहीच. पर्णांच्या चुऱ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या कवचातील विषद्रव्य श्वासनलिकांना आकुंचित करते, असा निष्कर्ष पुढे प्रयोगांनी बळकट केला, आणि १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात श्वासाची घट धुळीच्या वजनाशी नव्हे तर त्या विषद्रव्याच्या प्रमाणाशी जुळते, हे आकड्यांनी दाखवण्यात आले.

या विकाराचे एक लक्षण विलक्षण आहे, आणि साऱ्या इतिहासाची किल्ली त्यातच आहे. सुटीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या पाळीला, कामगाराची छाती दुपारपर्यंत आवळल्यासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो त्रास ओसरतो. पुढची सुटी झाली की पुन्हा तेच. वर्षे लोटली म्हणजे पहिल्या दिवसाचा त्रास दुसऱ्या, तिसऱ्या दिवसावर पसरतो आणि शेवटी सुटीच्या दिवशीही सोडीनासा होतो. सुटीनंतर कामावर आलेला मजूर छाती भरल्याची तक्रार करतो, हे ऐकून कोणत्याही मुकादमाच्या मनात प्रथम काय येत असेल, ते सांगण्याची गरज नाही. सुटीच्या दिवसाची दारू, आळस, बहाणा असे सारे अर्थ त्या तक्रारीला चिकटण्यासारखे होते. तिची सत्यता ठरवण्याला माणसाच्या जबानीखेरीज दुसरे काही लागत होते.

ते दुसरे काही १८४६ सालापर्यंत लंडनमध्ये तयार झाले होते. जॉन हचिन्सन नावाच्या वैद्याने पाण्यात उपड्या ठेवलेल्या घंगाळासारखे एक भांडे साखळी आणि वजनांच्या आधाराने असे तोलून धरले की, नळीतून फुंकलेली हवा आत शिरताच ते वर उचलले जावे आणि बाजूच्या पट्टीवर हवेचे घनमान वाचता यावे. यंत्र इतके साधे की त्याचे नवल वाटू नये. नवल आहे ते हचिन्सनच्या चिकाटीचे. त्याने २१३० माणसांना त्या नळीतून फुंकायला लावले. त्यांत खलाशी होते, आगीचे बंब चालवणारे होते, शिपाई, पोलीस, छापखान्यातील कामगार, अनाथगृहातील दरिद्री, मल्ल, बुटके आणि सभ्य गृहस्थही होते. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडलेल्या हवेच्या या मापाला त्याने जीवनक्षमता म्हटले, आणि पाच ते सहा फूट उंचीच्या दरम्यान प्रत्येक इंचामागे ते सुमारे ८ घन इंचांनी वाढते, हा नियम बसवला. फ्रीमन नावाच्या एका धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्ध्याची कथा त्याच्या निबंधात आहे. इंग्लंडात आला तेव्हा, १८४२ मध्ये, या मुष्टियोद्ध्याने ४३४ घन इंच, म्हणजे आजच्या हिशेबाने सात लिटरांहून अधिक हवा फुंकली होती. दोन वर्षांनी माप ३४४ वर उतरले. १८४५ मध्ये तो क्षयाने वारला. तज्ज्ञाच्या कानाला स्टेथोस्कोपच्या नळीतून जे ऐकू आले नसते, ते आकड्याने आधी सांगितले होते.

या यंत्राचा उपयोग कोणाला होईल, याविषयी हचिन्सनची कल्पना स्पष्ट होती. सैन्यभरती आणि आयुष्याचा विमा, ही दोन क्षेत्रे त्याच्या नजरेसमोर होती. विमा कंपनीला दुबळ्या छातीचा इसम आधीच ओळखून नाकारता यावा, ही तिची सोय. कामामुळे छाती दुबळी झालेल्या इसमाला कारखानदाराकडून भरपाई मिळावी, हा विचार त्या काळच्या कायद्यातच नव्हता. हचिन्सन स्वतः १८५२ साली आपला व्याप सोडून ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६१ मध्ये दूरच्या फिजी बेटांवर मरण पावला. त्याचे यंत्र रुग्णालयांच्या कपाटांत पडून राहिले, याला एक शास्त्रीय कारणही होते. दम्यासारख्या, श्वासनलिका अरुंद करणाऱ्या विकारात माणूस पुरेसा वेळ दिल्यास बहुतेक सारी हवा अखेर बाहेर काढतो. क्षमता फारशी घटत नाही, वेग घटतो. हचिन्सनच्या पट्टीवर घनमान होते, घड्याळ नव्हते. ते घड्याळ जोडण्याचे श्रेय पॅरिसच्या तिफनो आणि पिनेली यांना जाते. १९४७ साली त्यांनी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजून, तिचे एकूण हवेशी गुणोत्तर काढले. निरोगी तरुण माणूस एकूण हवेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्याच सेकंदात फेकतो; हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेले की वाट कोठेतरी अडली आहे, असे समजावे. याउलट फुप्फुसच कठीण किंवा लहान झाले असेल, तर गुणोत्तर चांगले राहते आणि एकूण हवाच कमी भरते. आजही छातीच्या डॉक्टरांचे पहिले विवेचन या दोन फाट्यांवरूनच सुरू होते.

आठवड्याच्या पहिल्या दिवसाची तक्रार आता पट्टीवर उतरवता येणार होती. मँचेस्टर येथे रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या कार्डिंग खात्यांत जाऊन कामगारांच्या कैफियती एका ठरावीक प्रश्नावलीने घेतल्या आणि विकाराच्या पायऱ्या बसवल्या. १९५८ साली मॅकेरो, गिल्सन आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पाळीच्या आरंभी आणि अखेरीस श्वास मोजून पाहिला, आणि पहिल्या दिवशी सकाळ ते संध्याकाळ होणारी घसरण कागदावर आली. ज्याला बहाणा म्हणता आले असते, ते आता लिटरांत सांगता येऊ लागले. तरीही हे सांगितले पाहिजे की, इंग्लंडातील कायदा यंत्राची वाट पाहत थांबला नव्हता. तेथे १९४१ सालीच बिसिनोसिसने निकामी झालेल्या कार्डिंग कामगारांना भरपाई देण्याची योजना आली होती. तिला वीस वर्षांच्या नोकरीची जाचक अट होती, पण दरवाजा किलकिला झाला होता. हिंदुस्थानच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची जी तुटपुंजी यादी होती, तिच्यात अँथ्रॅक्स होता, शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा होती. देशातील सर्वांत मोठ्या संघटित धंद्याची धूळ नव्हती.

याच दशकांत सोलापूर काय करत होते? १९३० च्या मे महिन्यात या गिरणगावाने इंग्रजी अंमल काही दिवस झुगारून दिला, मार्शल लॉ सोसला, आणि पुढच्या जानेवारीत चार हुतात्मे दिले. ती कथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्याहून कमी परिचित, परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचे असे एक प्रकरण स्वातंत्र्यानंतरचे आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारो माणसे बेकार झाली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यावर भागधारकांनी दाद मागितली, आणि चिरंजीतलाल चौधरी व द्वारकादास श्रीनिवास यांची जी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात १९५० आणि १९५३ मध्ये निकालात निघाली, ती आजही राज्यघटनेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावी लागतात. मालमत्तेचा मूलभूत हक्क म्हणजे काय, कारभार काढून घेणे म्हणजे मालमत्ता हिरावणे होय काय, या प्रश्नांचा तेथे अत्यंत सूक्ष्म ऊहापोह झाला. लँकेशायरमध्ये ज्या दशकात कार्डिंग खात्यातील मजुराची छाती मोजली जाऊ लागली, त्याच दशकात सोलापूरच्या गिरणीचे नाव दिल्लीत एका भागाच्या मूल्यावरून गाजत होते. न्यायमूर्तींचा यात दोष नाही. त्यांच्यापुढे जी दरखास्त आली तिचा त्यांनी विचार केला. ज्यांचा श्वास गेला होता त्यांची दरखास्त त्यांच्यापुढे आली नाही, कारण तिला जोडायला दाखला नव्हता.

१९४८ च्या कारखाने कायद्याने धूळ बाहेर खेचून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि यादीतील रोग आढळल्यास डॉक्टराने मुख्य निरीक्षकाला कळवावे, असे बंधन घातले. त्या यादीत पुढे बिसिनोसिसही दाखल झाला. पण रोग कळवायचा तर तो आधी ओळखला पाहिजे, आणि क्षयाने ग्रासलेल्या आपल्या देशात खोकणाऱ्या मजुराच्या छातीचे क्ष-किरण चित्र पाहून क्षयाकडे बोट दाखवणे हाच सोपा मार्ग होता. बिसिनोसिसचा तर क्ष-किरणांवर विशेष असा ठसा उमटतच नाही. तो दिसतो फक्त फुंकरीत. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले, म्हणजे शहरात शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा आली तेव्हा जुन्या गिरणीचे वैभव सरले होते.

महाराष्ट्रात या विषयाचे खरे काम झाले ते मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयाच्या भिंतींभोवती गिरण्यांचाच परिसर होता, आणि तेथील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांची एकदाच पाहणी करून न थांबता, पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. बिसिनोसिस आणि तंबाखू वा अन्य कारणांनी होणारा जुनाट श्वासरोध यांत भेद कसा करावा, हा त्यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा विषय होता. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. ज्या कामगारवर्गाचा श्वास शास्त्रशुद्ध रीतीने मोजला गेला, तो वर्गच पाहता पाहता पांगला. १९९५ मध्ये मुरलीधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसविषयी पुन्हा लिहिले, तेव्हा चालू गिरण्या मोजक्याच राहिल्या होत्या. सोलापुरातही एकेक भोंगा बंद होत गेला, आणि त्या कार्डिंग खात्यांतून निवृत्त झालेली माणसे आपापल्या घरी धापा टाकत राहिली.

श्वास मोजण्याची ही परीक्षा आज ज्याने दिली असेल त्याला तिचे नाट्य ठाऊक आहे. नाकाला चिमटा, ओठांत नळी, छाती फुटेल असा श्वास. आणि मग समोर उभ्या तंत्रज्ञाचा ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असा गजर, हवा संपली तरी संपू द्यायची नाही. असे किमान तीनदा, आणि त्यांतील उत्तम दोन फुंकरी एकमेकींशी दीडशे मिलिलिटरच्या आत जुळल्या तरच निकाल ग्राह्य. मग श्वासनलिका सैल करणारे औषध हुंगवून पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. आकडा सुधारला तर दम्याची आशा, न सुधारला तर इजा कायमची. रक्ताच्या तपासणीत रुग्ण स्वस्थ पडून राहिला तरी चालते. येथे सारा निकाल त्याच्या प्रयत्नावर आणि प्रयत्न समजुतीवर अवलंबून असतो. म्हणून सोलापुरात हे काम करणाऱ्याला मराठी ‘फुंका’बरोबर तेलुगू ‘ऊदंडी’ही खड्या आवाजात म्हणता आले पाहिजे. यंत्र अचूक असून भाषा कच्ची असेल, तर धडधाकट पूर्व भागवासीही कागदावर रोगी ठरतो.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आलेला आकडा कशाशी ताडावा? वय, उंची आणि लिंग यांवरून अपेक्षित माप काढण्याची सूत्रे आहेत. परंतु ती सूत्रे ज्या माणसांवरून बसवली ती बहुतांशी युरोपीय. अमेरिकेत गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या सॅम्युअल कार्टराइट या वैद्याने १८५१ साली याच यंत्राचा आधार घेऊन काळ्या माणसाचे फुप्फुस जन्मतःच उणे असते, असे प्रतिपादले. आणि वंशानुसार अपेक्षित मापात कपात करण्याची चाल शतकभराहून अधिक काळ यंत्रांतच मुरून राहिली. आपल्याकडे कामत यांनी १९८२ मध्ये भारतीय प्रौढांची मापे प्रसिद्ध केली, त्यामागे हीच अडचण होती. हिंदी माणसाचे माप युरोपीयापेक्षा कमी भरते हे खरे. पण ते अस्थिपंजरामुळे किती, बालपणीच्या कुपोषणामुळे किती, चुलीच्या धुरामुळे किती, याचा निवाडा सूत्र करत नाही. हिशेब करून पाहा. युरोपीय कोष्टकाप्रमाणे ज्याने पहिल्या सेकंदात ३.२ लिटर फुंकावे, असा एखादा कामगार २.४ लिटर फुंकतो. म्हणजे ७५ टक्के, रोगी. त्याच्या वंशासाठी दहा टक्के सूट दिली की अपेक्षा २.८८ वर येते आणि तोच माणूस ८३ टक्क्यांवर चढून निरोगी होतो. छाती तीच, दावा मात्र निकालात निघाला. १९९९ साली ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत काळ्या कामगारांविरुद्ध नेमका हाच युक्तिवाद केला होता. अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये ही वंशाधारित कपात सोडून द्यावी, असे सुचवले. मात्र सूट काढली की कामावर घेतानाच्या तपासणीत अधिक गरीब माणसे नापास होतील, हीही भीती खरी आहे. आणि या पेचातून कोष्टक बदलून सुटता येईल, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

कारण माणसाला ताडून पाहण्यासाठी सर्वांत विश्वासू माप त्याचे स्वतःचे असते. फ्रीमनची घट कळली ती कोणत्या कोष्टकावरून नव्हे, त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावरून. अमेरिकेने १९७८ साली कापसाच्या धुळीचा जो नियम केला, त्यात सूतकताईच्या हवेत घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि त्याबरोबर कामावर घेताना प्रत्येकाचा श्वास मोजावा, किमान पस्तीस तास धुळीपासून दूर राहिल्यानंतरच्या पहिल्या पाळीला आधी व नंतर पुन्हा मोजावा, आणि त्याची नोंद ठेवावी, असे फर्मावले. लँकेशायरच्या मजुराची पहिल्या दिवसाची तक्रार कायद्याच्या कलमात जशीच्या तशी शिरली, ती अशी.

सोलापुरात आता चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मालक, त्याचा मुलगा आणि चार-सहा कामगार तेच तूस छातीत घेतात, आणि शेजारच्या घरात तंबाखू भरून विडी वळणाऱ्या बायका निराळी धूळ घेतात. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची अट घातली होती. तिच्या आत राहील अशी शेडची विभागणी करणे हा जुना शिरस्ता, आणि विडीचे काम तर घरातच चालते. कामाच्या पहिल्या दिवशी या कोणाचाही श्वास मोजला जात नाही. पन्नाशीच्या आसपास जिना चढताना दम लागू लागला की त्यांच्यापैकी कोणी रुग्णालयात येतो, नळी तोंडात धरतो आणि जन्मात प्रथमच फुंकतो. डॉक्टर तो आकडा उंची-वयाच्या कोष्टकाशी ताडून पाहतात, कारण ताडण्याजोगे दुसरे काही त्यांच्यापाशी नसते.